घरातील इंटरनेटची जोडणी बदलावी काय?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषणाचा मजकूर)



घरात एखादी नवी सोय आणावी की जुन्या सोयीवरच भागवावे, हा प्रश्न संसारी माणसापुढे वेळोवेळी उभा राहतो. आडाचे पाणी शेंदावे की नळ घ्यावा, चूल ठेवावी की गॅसची शेगडी आणावी, असे प्रश्न मागील पिढ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे सोडविले. परंतु त्या वस्तू डोळ्यांना दिसत होत्या. पाणी घागरीने मोजता येत होते आणि लाकूड मोळीने. इंटरनेटच्या जोडणीचे तसे नाही. तिचा माल दिसत नाही, हाती लागत नाही, आणि जे आकडे सांगितले जातात त्यांचा अर्थ पुष्कळांस उमगत नाही. परिणामी एक तर शेजाऱ्याने घेतली म्हणून जोडणी घेतली जाते, नाहीतर 'चालले आहे ते काय वाईट' असे म्हणून तो विषयच पुढे ढकलला जातो. ह्या दोन्ही रीती शिक्षकास शोभणाऱ्या नाहीत. जो वर्गात त्रैराशिक शिकवितो त्याने घराच्या प्रश्नातही त्रैराशिक मांडावे, एवढाच ह्या विवेचनाचा हेतू आहे.

हा प्रश्न प्रथम ज्या स्वरूपात पुढे आला, ते स्वरूप पाहिले म्हणजे तो समजण्यास सोपा जातो. भारतात सर्वसामान्य ग्राहकास इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमाने ही सेवा आरंभी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई ह्या शहरांतून सुरू केली. त्या काळची जोडणी 'डायल-अप' ह्या नावाने ओळखली जाई. घरचा संगणक आणि दूरध्वनीची तार ह्यांच्यामध्ये मोडेम नावाची एक पेटी असे. ती पेटी संगणकाच्या अंकांचे रूपांतर आवाजात करी आणि दूरध्वनीचा क्रमांक फिरवून तो आवाज पलीकडे पाठवी. पलीकडचे यंत्र त्या आवाजाचे पुन्हा अंक बनवी. जोडणी होताना जो किरकिराट ऐकू येई, तो ह्या दोन यंत्रांच्या परस्परपरिचयाचाच आवाज होता.

दूरध्वनीची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली होती. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्येचा आवाज तिच्यातून पलीकडे जाई. ह्या अरुंद वाटेने सेकंदाला फार तर ५६ किलोबिट माहिती घरी येऊ शके, आणि घरून बाहेर जाण्याचा वेग साधारणतः ३३.६ किलोबिटांवर थांबे. ही कमाल मर्यादा होय. प्रत्यक्षात वेग ह्याहून कमीच मिळे. शिवाय आणखी दोन अडचणी होत्या. इंटरनेट चालू असेतोवर दूरध्वनी व्यस्त राही, आणि आकारणी वेळेवर होई. पान वाचून होईपर्यंत जोडणी उघडी ठेवली, तर वाचण्याच्या वेळेचेही पैसे पडत.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र शासनाने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग देणारी आणि सदैव चालू राहणारी जोडणी ती ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. जानेवारी २००५ पासून भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम ह्यांनी ही सेवा सुरू केली. विशेष असे की, बहुतेक ठिकाणी तार तीच जुनी तांब्याची होती. तांब्याची तार माणसाच्या आवाजापेक्षा पुष्कळ अधिक कंपने वाहू शकते, ही गोष्ट येथे उपयोगात आणली गेली. खालच्या कंपनांवर बोलणे आणि २६ किलोहर्ट्झच्या वरच्या कंपनांवर माहिती, असे एकाच तारेचे दोन भाग करण्यात आले. घरात बसविलेली एक लहानशी डबी ते दोन्ही वेगळे करी. त्यामुळे एकीकडे मुलगा संगणकावर बसलेला असतानाही दूरध्वनीची घंटा वाजू शके.

मात्र ह्या सुधारणेला अंतराची अट होती. वरची कंपने तांब्याच्या तारेतून दूर जाताना लवकर क्षीण होतात. दूरध्वनी केंद्रापासून चार-पाच किलोमीटरपलीकडील घरास ही जोडणी मिळणे कठीण असे. म्हणून कित्येक खेड्यांत दूरध्वनी होता, पण ब्रॉडबँड नव्हते. सोय निघाली म्हणजे ती आपल्या दारी आली असे नव्हे, हा ह्या इतिहासाचा पहिला धडा होय.

आता थोडे गणित पाहू जाता विषय स्पष्ट होईल. वेग बिटांत सांगितला जातो आणि पुस्तक, छायाचित्र किंवा चित्रफीत ह्यांचा आकार बाइटमध्ये सांगितला जातो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. हा आठाचा गुणक विसरला, तर सारा हिशेब आठपटीने चुकतो. पाच मेगाबाइटची एक पुस्तिका घरी उतरवून घ्यावयाची आहे असे समजावे. पाच मेगाबाइट म्हणजे चार कोटी बिट. ५६ किलोबिटांच्या पूर्ण वेगाने तिला सुमारे ७१४ सेकंद, म्हणजे जवळजवळ बारा मिनिटे लागतील. २५६ किलोबिटांनी सुमारे १५६ सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून किंचित अधिक. २ मेगाबिटांनी २० सेकंद. ४० मेगाबिटांनी एक सेकंद. ब्रॉडबँडची किमान मर्यादा भारतात २०१३ साली ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. काल ज्यास वेगवान म्हटले ते आज किमान ठरते, हे ह्यावरून दिसून येईल.

मग २००५ साली प्रत्येक घराने डायल-अप टाकून ब्रॉडबँड घेणे शहाणपणाचे होते काय? तसे म्हणता येणार नाही. सोयीसाठी असे धरू की, डायल-अपचा एकूण खर्च तासाला २० रुपये आणि ब्रॉडबँडचा महिन्याला ५०० रुपये आहे. एका घरी पत्रव्यवहार तेवढा होतो. पत्र आधी लिहून ठेवावे, मग जोडणी करून पाच मिनिटांत पाठवावे आणि आलेले पत्र उतरवून घ्यावे, अशी त्या घराची रीत आहे. महिन्याला अडीच तास, म्हणजे ५० रुपये खर्च. दुसऱ्या घरी एक विद्यार्थी रोज तासभर वाचन करतो. महिन्याला ३० तास, म्हणजे ६०० रुपये. पाचशेला विसाने भागले असता पंचवीस येतात. तेव्हा पंचवीस तासांच्या अलीकडे जुनी जोडणी स्वस्त आणि पलीकडे नवी स्वस्त. जोडण्या त्याच, दर तेच, परंतु एका घरास जी उधळपट्टी तीच दुसऱ्या घरास काटकसर.

ह्या हिशेबात एक बारकावाही होता. डायल-अपची आकारणी वेळेवर होई, तर ब्रॉडबँडच्या आरंभीच्या पुष्कळ योजनांत ती उतरवून घेतलेल्या मजकुराच्या परिमाणावर होई. २५६ किलोबिटांचा पूर्ण वेग तासभर वापरला तर सुमारे ११५ मेगाबाइट मजकूर उतरतो. ठरलेली मर्यादा ओलांडली की अधिक आकार पडे. म्हणजे सावकाश वाचणाऱ्यास नवी रीत मानवली आणि भराभर उतरवून घेणाऱ्यास ती महाग पडली. वस्तू बदलते तेव्हा तिचे मापही बदलते. आणि माप बदलले हे ध्यानात न घेता जुन्या सवयीने वागणारा फसतो.

हे सर्व आता इतिहासजमा झाले, मग ते उगाळण्याचे प्रयोजन काय, अशी शंका कोणी घेईल. अमेरिकेतील एओएल ह्या प्रसिद्ध कंपनीनेही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. भारतात तर घरोघरी मोबाइल आला आहे. तरीपण प्रश्न संपलेला नाही. मोबाइलच्या अनेक योजनांत दिवसाला दीड किंवा दोन गिगाबाइटचा कोटा असतो, आणि तो संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटांवर आणला जातो. मघाची पाच मेगाबाइटची पुस्तिका ह्या वेगाने उतरविण्यास सव्वादहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. डायल-अपवर ती सुमारे बारा मिनिटे घेई. म्हणजे ज्या घरात सायंकाळी कोटा संपतो ते घर रोज रात्री डायल-अपच्या काळात परत जाते. मोबाइलवर भागवावे की घरी तारेची जोडणी घ्यावी, हा आजचा प्रश्न त्या जुन्या प्रश्नाचाच नवा अवतार होय.

डोळ्यांपुढे एक घर आणावे. घरात शिक्षक, त्यांची पत्नी, बारावीत शिकणारी मुलगी, आठवीतील मुलगा आणि वृद्ध आई अशी पाच माणसे आहेत. दोन स्मार्टफोन आहेत, प्रत्येकास दिवसाला दीड गिगाबाइटचा कोटा. साधारण प्रतीची चित्रफीत सेकंदाला एक मेगाबिट घेते असे धरले, तर तासाला ४५० मेगाबाइट लागतात. मुलगी रोज दोन तास पाठ पाहते, म्हणजे ९०० मेगाबाइट. मुलगा अर्धा तास पाहतो, म्हणजे २२५. गृहिणीचा स्वतःचा वापर ४०० धरावा. शिक्षकाचे अर्ध्या तासाचे प्रशिक्षण २२५ आणि शाळेच्या उपक्रमाची तीन-तीन मेगाबाइटची वीस छायाचित्रे ६०. एकूण बेरीज १,८१० मेगाबाइट होते. दोन फोनांचा कोटा मात्र ३,००० मेगाबाइट आहे. कागदावर पाहिले तर कोटा पुरून उरतो.

तरीही ह्या घरात रोज ओरड होते. ह्याचे कारण बेरजेत सापडणार नाही. ते दिनक्रमात सापडेल. सकाळी शिक्षक शाळेस निघाले की घरातील निम्मे इंटरनेट त्यांच्या खिशातून निघून जाते. मागे राहिलेल्या एका फोनवर मुलगी, मुलगा आणि आई ह्यांचा मिळून १,५२५ मेगाबाइटचा भार पडतो, आणि नेमका सायंकाळी, मुलीचा दुसरा पाठ चालू असताना, कोटा संपतो. त्यातही फोन एक आणि हात तीन, तेव्हा भावाचा आग्रह आणि आईचे काम ह्यांतून उरेल तो वेळ मुलीचा. मोबाइलची जोडणी माणसाची असते. तारेची जोडणी घराची असते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि पाठ फोनवर येऊ लागले, तेव्हा एकच फोन असलेल्या कितीतरी घरांतील मुलांनी ह्या भेदाची किंमत मोजली आहे. ती शिक्षकांनी प्रत्यक्ष पाहिली आहे.

परंतु म्हणून तारेची जोडणी घ्यावीच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. वैद्य आधी दुखणे ओळखतो आणि मग औषध देतो. मोबाइलचे इंटरनेट अडण्याची दोन निरनिराळी कारणे असतात. एक कोटा संपणे आणि दुसरे टॉवरची ओढाताण. एका टॉवरची शक्ती त्याच्या टापूतील सर्व फोनांत वाटली जाते; रात्री आठच्या सुमारास सारे गाव फोन हाती घेते तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. ह्या दोन दुखण्यांची परीक्षा सोपी आहे. कोटा संपल्याचा संदेश फोनवर येतो. तो किती वाजता आला ते टिपून ठेवावे. संदेश आलेला नसतानाच रात्री वेग मंदावत असेल आणि पहाटे सहा वाजता तेच काम सुरळीत होत असेल, तर दोष टॉवरचा आहे असे समजावे. पहिल्या दुखण्यावर घरी राहणाऱ्या फोनाचा कोटा वाढविणे एवढा उपाय पुरतो. दुसऱ्या दुखण्यावर कितीही मोठा कोटा घेतला तरी तो फुकट जातो. तिथे तारेवाचून मार्ग नाही.

दोन्ही मार्गांचा खर्च मांडून पाहावा. रिचार्जचा महिना २८ दिवसांचा असतो, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. प्रत्येक फोनास ३०० रुपये धरले तर दोन फोनांचे वर्षाला ७,८०० रुपये होतात. घरच्या फोनाचा कोटा वाढविण्यास १०० रुपये अधिक धरले, तर वर्षाला १,३०० रुपये वाढतील. आता तारेच्या जोडणीचा भाव महिन्याला ४९९ रुपये समजावा. जाहिरातीतील ह्या आकड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बहुधा निराळा असतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ५८९ रुपये महिना, अर्थात वर्षाला ७,०६६ रुपये पडतील. घरी तार आल्यावर दोन्ही फोन २०० रुपयांच्या लहान योजनेवर आणता आले, तर २,६०० रुपये वाचतील. निव्वळ वाढ ४,४६६ रुपये, म्हणजे महिन्याला ३७२ रुपये. पहिल्या उपायापेक्षा हा उपाय वर्षाला ३,१६६ रुपयांनी महाग आहे. हे दर केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपल्या गावातील दर घालून हीच रीत चालवावी. ह्या जादा रकमेत घरास काय मिळते, ते विचारणे हाच खरा प्रश्न.

आज नवी तार बहुधा ऑप्टिकल फायबरची असते. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने माहिती जाते. प्रकाश काचेतून दूरवर फारसा क्षीण न होता जात असल्यामुळे तांब्याच्या तारेस असलेली चार-पाच किलोमीटरांची अट येथे नाही. वीस किलोमीटरपर्यंतही काम भागते. वीज कडाडली असता तांब्याच्या तारेतून यंत्रापर्यंत धक्का पोहोचण्याचे भय असे, ते काचेच्या तंतूतून येत नाही. तथापि राउटर विजेच्या खटक्यास जोडलेला असतो, त्या वाटेने धोका राहतोच. म्हणून पावसाळ्यात गडगडाट सुरू होताच खटक्यातील जोड काढून ठेवणे इष्ट.

खेड्यापर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती जोडण्याचा तिचा उद्देश. २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. परंतु फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आली म्हणजे वाडीवरील घरात आली असे होत नाही. तो शेवटचा टप्पा कोण बांधतो आणि मोडल्यावर कोण सांधतो, ह्यावर सारे अवलंबून असते. ज्या तारेवरून जोडणी घ्यावयाची, त्याच तारेवरील तीन घरी जाऊन चौकशी करावी. गेल्या आषाढ-श्रावणात किती दिवस बंद होते? झाड पडून किंवा खोदकामात तार तुटली तेव्हा माणूस किती दिवसांनी आला? कागदावरील शंभर मेगाबिटांपेक्षा ह्या दोन उत्तरांचे मोल अधिक आहे.

दुसरी चौकशी विजेची. जुन्या तांब्याच्या दूरध्वनीस वीज केंद्राकडूनच तारेवाटे मिळे, म्हणून घरी अंधार असला तरी तो चाले. फायबरचे यंत्र आणि राउटर ह्यांना घरची वीज लागते. भारनियमन असेल तेथे राउटरपुरती लहान बॅटरी घेणे भाग पडते. तो खर्चही हिशेबात धरावा. पलीकडच्या जोडपेटीस वीज नसेल तर घरच्या बॅटरीचा उपयोग नाही, हेही विचारून घ्यावे.

तिसरी चौकशी वेगाची. जाहिरातीत 'शंभर मेगाबिटांपर्यंत' असे लिहिलेले असते. त्यातील 'पर्यंत' हा शब्द व्याकरणाच्या शिक्षकाने तरी वाचावा. माहिती घरी येण्याचा वेग आणि घरून जाण्याचा वेग हे दोन निराळे आकडे असू शकतात, आणि शिक्षकाच्या कामात दुसऱ्याचेही महत्त्व आहे. मघाची वीस छायाचित्रे, म्हणजे ६० मेगाबाइट, डायल-अपच्या ३३.६ किलोबिटांनी पाठविण्यास जवळजवळ चार तास लागले असते. कोटा संपलेल्या फोनावरून ६४ किलोबिटांनी पाठविली तर दोन तासांहून अधिक. बाहेर जाण्याचा वेग १० मेगाबिट असेल तर हेच काम ४८ सेकंदांत होते. जाड दगडी भिंतीतून राउटरची शक्ती कमी होते, म्हणून तो घराच्या मध्यभागी आणि उंचावर बसवावा. कोपऱ्यातील कपाटात ठेवू नये.

चौथी चौकशी खास शिक्षकांची, आणि ती बदलीची. घराची जोडणी घराबरोबर राहते. शिक्षक मात्र बदलून जातो. तेव्हा वर्षाचे किंवा सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. जोडणी मध्येच सोडल्यास उरलेले पैसे परत मिळतात काय? राउटर कोणाच्या मालकीचा? अनामत असल्यास ती केव्हा मिळेल? नव्या गावी जोडणी हलविता येते काय? बदली जवळ आली असेल तर महिन्यामहिन्याने पैसे भरण्याची योजना थोडी महाग असली तरी हितावह असते.

इतकी चौकशी केल्यावर काहींच्या बाबतीत उत्तर 'नको' असेच येईल, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जो शिक्षक सोमवार ते शनिवार नोकरीच्या गावी एकटा राहतो, ज्याचे काम संदेश, पोषण आहाराची नोंद आणि क्वचित एखादा पाठ एवढेच आहे, आणि ज्याच्या खोलीत टॉवरची शक्ती चांगली आहे, त्यास मोबाइल पुरेसा आहे. पत्रापुरते डायल-अप वापरणारे ते जुने घर जसे शहाणे होते, तसाच हाही शहाणा. उलट ज्या घरी शिकणारी दोन मुले आहेत, टॉवर रात्री थकतो आणि तारेची दुरुस्ती वेळेवर होते, त्या घराने ३७२ रुपयांचा विचार करीत वर्ष दवडू नये. मुलीचे बारावीचे वर्ष थांबत नाही. तिच्या अभ्यासाचा रोज एक तास वाया जात असेल तर महिन्याचे तीस तास होतात, आणि ३७२ रुपयांना तीसने भागले असता तासाला साडेबारा रुपयांच्या आत येतात. एवढ्या स्वस्त दराने वेळ दुसरीकडे कोठे मिळेल?

मात्र विकत घेतलेला वेळ सत्कारणी लागतो की नाही, हे पाहण्याचे काम जोडणी करीत नाही. डायल-अपच्या काळी मिनिटामिनिटाला पैसे पडत, त्यामुळे माणूस काय करावयाचे ते आधी ठरवून मगच बसे. काम झाले की जोडणी तोडी. तो धाक आता उरला नाही. सदैव चालू राहणाऱ्या जोडणीस घरानेच मर्यादा घालावी लागते. मुलांनी वापरावयाचा पडदा माजघरात, चारचौघांच्या दृष्टीस पडेल असा असावा. रात्री ठरलेल्या वेळी राउटर बंद व्हावा, आणि तो नियम वडील माणसांनीही पाळावा. जेथे वडील फोन घेऊन निजतात तेथे मुलांना सांगितलेला नियम टिकत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे अवश्य आहे. घरची जोडणी घरासाठी असते. शाळेची ऑनलाइन माहिती भरणे, दीक्षा मंचावरील प्रशिक्षण पुरे करणे, अहवाल पाठविणे ही कामे शिक्षक आज पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या रात्रीच्या वेळात करतात. त्यांची ही निष्ठा प्रशंसनीय आहे. परंतु तिचा गैरअर्थ होऊ नये. शाळेस जोडणी मिळवून देणे हे शाळेच्या व्यवस्थेचे काम आहे, आणि शिक्षकाच्या घरी फायबर आली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. रात्री दहा वाजता मागितलेली माहिती तासाभरात पाठविता येते, एवढ्यावरून ती रात्री दहाला मागणे योग्य ठरत नाही. हे पर्यवेक्षण करणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. शिक्षकानेही जोडणी घेण्याचा निर्णय कार्यालयाच्या सोयीवरून न करता आपल्या घराच्या गरजेवरून करावा.

शेवटी एक सूचना. निर्णयापूर्वी घरात एक वही घालावी आणि पुढील एक महिना तीत चार रकाने भरावेत : कोणाचे काम अडले, किती वाजता अडले, किती वेळ अडले, आणि कोटा संपला होता की नव्हता. ही वही घरातील सातवी-आठवीच्या मुलाकडे द्यावी. महिनाअखेर त्यानेच बेरीज करून ती सर्वांपुढे वाचावी आणि मग घरातील मोठ्यांनी ठरवावे. वर्गातही ह्याच आकड्यांवर उदाहरणे घालता येतील. बिट आणि बाइट, वेग आणि वेळ, शेकडा कर, अठ्ठावीस दिवसांचा महिना, हे सारे पाठ्यपुस्तकातील त्रैराशिक व शेकडेवारीच आहे; आणि विद्यार्थ्यांच्या घरीही हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे. गावातील एखादा पालक जाहिरातीचा कागद घेऊन शाळेच्या दारी आला, तर त्याला 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे न सांगता त्याच्या शेजारी बसून हा हिशेब मांडून दाखवावा. तो पालक त्या दिवशी जोडणी घेवो अथवा न घेवो, आपल्या पैशाचा निर्णय आपणच समजून करण्याची रीत तो घरी घेऊन जाईल.